तारेपलीकडची पंगत

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि त्याची मला लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाशिकरोडला आमच्या कॉलनीत माजी सैनिक पुष्कळ आहेत आणि संध्याकाळी बाकावर बसलं की कुणी ना कुणी हा विषय काढतोच. माझ्यानंतर चार वर्षांनी भरती झालेला, माझ्याच नजरेखाली कांदे सोलणं शिकलेला एक गडी नायब सुभेदार होऊन परत आला. त्याला सगळे 'साहेब' म्हणतात, मला 'हवालदार' म्हणतात. मग एखादा नवा शेजारी विचारतो, "काका, तुमची नायब सुभेदारी कशी काय राहिली हो?" मी सांगतो, "एका बाईच्या बाजूने साक्ष दिली म्हणून." एवढं ऐकलं की लोक मान डोलावतात आणि माझ्याकडे जरा आदराने बघतात. ते उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. आज लिहितो.

पलटणीत मी लंगर कमांडर होतो. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. रांधणारे आचारी वेगळे. त्यांच्याकडून वेळेवर आणि नीट रांधून घेणारा, राशन किती आलं, चुलीवर किती चढलं, ताटात किती पडलं आणि उरलं किती हे बघणारा माणूस तो मी. या कामात मी तरबेज होतो, उगाच नम्रपणा कशाला दाखवू? शंभर माणसांच्या डाळीत मीठ कमी की जास्त ते नुसत्या वासावरून सांगायचो. पोळी करपली तर आचाऱ्याला तीच खायला लावायचो. जवान मला घाबरायचे आणि दुसऱ्या लंगरचं जेवून आले की माझी आठवणही काढायचे.

आमची पलटण शांतिसेनेत म्हणून आफ्रिकेतल्या एका देशात गेली. देशाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आमचं काही वाकडं केलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांच्याबद्दल नाहीच, आमच्याबद्दल आहे. तिथे दोन टोळ्यांत मारामारी चाललेली, गावं उठून रस्त्यालगत आलेली, आणि त्या गावांच्या शेजारी आमचा तळ. डोक्यावर निळी टोपी आणि प्रत्येकाच्या खिशात नियमांचं एक छोटं कार्ड. काय करायचं नाही हेच त्यात जास्त होतं. स्थानिक माणसाकडून काही घ्यायचं नाही. त्याला काही द्यायचं नाही. त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही. बायकांशी कसलाही संबंध ठेवायचा नाही, त्या राजी असल्या तरी नाही.

तळावर पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एका तरुण कॅप्टन साहेबांनी सगळ्यांना बसवून ते कार्ड समजावून सांगितलं. ते म्हणाले, "जिसके पास खाना है और जिसके पास नहीं है, उन दोनों के बीच मर्ज़ी नाम की चीज़ नहीं होती." मी मागच्या रांगेत बसून मनात म्हटलं, या पोराने आयुष्यात कधी कुणाला वाढलेलं दिसत नाही. मी सायखेड्याचा. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी 'जेवलात का' विचारतात, मग काम काय ते. मला आता हा खाण्यातलं शिकवणार!

नियम असाही होता की उरलेलं अन्न तळामागच्या खड्ड्यात टाकायचं, वर चुना, वर माती. आजार पसरू नये म्हणून. पहिल्या दिवशी डेगेत, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाव हिस्सा उरलेला भात त्या खड्ड्यात ओतताना मी दोनदा थांबलो, खरंच सांगतो. आमच्या घरी उरलेल्या भाकरीचा दुसऱ्या दिवशी कुस्करा व्हायचा, त्यातून उरलंच तर गाईच्या दावणीत जायचं. मातीत कधीच नाही. आणि इथे काटेरी तारेच्या पलीकडे बायका रिकाम्या पराती घेऊन उभ्या, मी भातावर चुना टाकतोय ते बघत. तीन दिवस टाकला. चौथ्या दिवशी नाही टाकला.

लंगरच्या मागे पाण्याच्या टँकरचा पाइप आत यायचा. तो घेण्यासाठी तार जरा वर उचललेली होती, एक डेग सहज सरकेल एवढी. दुपारचं जेवण आटोपलं, जवान तंबूत गेले की मी तिथून डेग पलीकडे सरकवायचो आणि वाकून स्वतःही जायचो. पहिल्या दिवशी नुसती झुंबड उडाली. एक म्हातारी पडली. मला ते आवडलं नाही. अन्नावर कुणी तुटून पडलेलं मला खपत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना पंगतीत बसवलं. सायखेड्याला सप्त्याच्या शेवटी नदीच्या बाजूला पंगती बसतात तशाच दोन सरळ रांगा, मधून वाढप्याला वाट. भाषा येत नव्हती, पण हाताने दाखवलं आणि त्या बसल्या. सगळ्या बसल्याशिवाय मी डाव उचलायचो नाही. मध्येच कुणी उठलं की थांबायचो. जी उशिरा येईल तिला त्या दिवशी नाही. आठवड्यात अशी शिस्त लागली की आमच्या गावच्या पंगतीलाही कधी लागली नसेल.

मला तेव्हा फार बरं वाटायचं. हे लपवून काय मिळणार? वीस-पंचवीस बायका, त्यांची लेकरं, सगळ्यांचे डोळे माझ्या हातातल्या डावाकडे. मी आलो की कुजबुज बंद व्हायची. ज्या रांगेपासून मी सुरुवात करीन ती रांग हसायची. आईला चिठ्ठीत लिहिलं होतं की परदेशातही तुझ्या लेकाच्या हातून अन्नदान होतंय. आईने ती चिठ्ठी अर्ध्या गावाला वाचून दाखवली.

त्यांच्यात एक होती, डोक्याला कायम लाल फडकं बांधलेली, पाठीवर लहान मूल. पंचविशीची असेल. ती जेवण झालं की न सांगता डेग घासून द्यायची. वाळू लावून अशी लखलखीत की माझ्या आचाऱ्यांना मी ती दाखवून लाज आणायचो. मग मी रोज डेग तिच्याकडेच द्यायला लागलो आणि घासल्याबद्दल तिला वाटीभर जास्त. आता कार्डावर साफ लिहिलेलं होतं की काम करून घ्यायचं नाही. पण माझ्या मनात ते काम नव्हतंच. पंगत उठली की भांडी कुणीतरी घासतंच, असं माझं गणित.

राशन स्टोअर ज्याच्या ताब्यात होतं तो हवालदार माझा दोस्त. सटाण्याकडचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, एकाच बरॅकमध्ये शेजारी शेजारी झोपलो. ट्रेनिंगमध्ये मला ताप होता तेव्हा लांब पल्ल्याच्या दौडीत याने माझी रायफल आणि पाठीवरचा पिठ्ठू दोन्ही उचललं होतं आणि उस्तादाला कळू दिलं नव्हतं. त्याचं स्टोअर म्हणजे एक लोखंडी कंटेनर, लंगरच्या मागेच. ती उचललेली तार त्यालाही दिसत होती.

पाचव्या की सहाव्या महिन्यात एका दुपारी मी पंगत वाढायला निघालो आणि कंटेनरचं दार उघडलं. आतून ती लाल फडक्याची बाई बाहेर आली. मूल पाठीवर नव्हतं. हातात दूध पावडरचा डबा. ती माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून गेली, तारेखालून वाकून पलीकडे. मागोमाग माझा दोस्त दारात आला, पट्टा लावत. मला बघून हसला. काय झालं ते समजायला भाषा लागत नाही.

मी त्याला संध्याकाळी गाठलं. म्हणालो, "ही भानगड बंद कर. लेकरं आहेत तुला." तो म्हणाला, "भाऊ, ती सोताच आली. मी काय ओढी आनी का?" मी म्हणालो, "दुधासाठी आली." तो म्हणाला, "आन् तुनाकडे कशासाठी येतस? भातासाठीच ना?" मला राग आला. माझा भात आणि त्याचा डबा एका तागडीत टाकतोय म्हणून आला. मी चार दिवस तार खाली बांधून टाकली. चार दिवस बायका पलीकडे उभ्या राहिल्या. पाचव्या दिवशी मला राहवलं नाही आणि मी तार पुन्हा उचलली. वर कुणाला काही सांगितलं नाही. दोस्ताची नोकरी जाईल, माझी पंगत उघडी पडेल, पलटणीचं नाव खराब होईल, अशी सगळी कारणं मी स्वतःला देऊन ठेवली होती. त्यातलं दुसरं कारण सगळ्यात मोठं होतं.

आमची परतायची वेळ आली तेव्हा त्या बाईने तक्रार केली. तिथे बायकांसाठी काम करणाऱ्या काही जणी फिरायच्या, त्यांच्याकडे ती बोलली. एकदा नव्हे, अनेकदा घडलं होतं. तिने पुढे नाही म्हटल्यावर धमकी देऊनही. चौकशी बसली. दोस्ताला लगेच भारतात पाठवलं. अशा बाबतीत खटला आपल्या देशात, आपल्याच फौजेच्या कायद्याने चालतो. खटल्यासाठी त्याला देवळालीला एका युनिटशी जोडलं आणि साक्षीदार म्हणून मलाही. अठरा वर्षं मी देशभर फिरलो, कधी घराजवळ पोस्टिंग मिळाली नाही. मिळाली ती अशी.

खटल्याआधी साक्षी लिहून घेतात. एक मेजर साहेब टेबलाशी, एक क्लार्क टाइप करायला, समोर आरोपी बसलेला आणि स्टुलावर मी. मेजर साहेबांनी विचारलं, "उस औरत को कंटेनर से निकलते देखा?" माझ्या दोस्ताने मान वर केली नाही. माझं नाव नायब सुभेदारीच्या यादीत लागलेलं होतं, दोन-चार महिन्यांचा प्रश्न. तिला बाहेर येताना पाहिलं म्हटलं तर पुढचा प्रश्न होता, तू तिथे काय करत होतास. मी म्हणालो, "नहीं देखा, साब." क्लार्कने टाइप केलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. सही करताना मी जरासुद्धा थांबलो नाही, याचं मला आज नवल वाटतं.

रविवारची सुट्टी मिळाली तेव्हा सायखेड्याला गेलो. बायको शेतात कांद्याची रोपं उपटून जुड्या बांधत होती. मी बांधावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पंगत तिला माहीत होती, कंटेनर माहीत नव्हता. ती ऐकत होती आणि हात चालू होते. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"तिचं नाव काय व्हतं?"

मी म्हणालो, "माहीत नाही. मी लाल फडकेवाली म्हणायचो."

तिचे हात थांबले. "अहो, इतके महिने जेवायला घातलं, भांडी घासून घेतली, अन् नाव नाय इचारलं? आपल्या दावणीला नवी गाय आली तरी आठ दिसांत तिला नाव पडतं."

"भाषा येत नव्हती."

"नाव इचारायला कोनती भाषा लागती? छातीवर हात ठिवायचा अन् आपलं सांगायचं." तिने जुडी बांधून टोपलीत टाकली. "बरं, तुम्ही तिला बाहीर येताना पाह्यलं का नाय पाह्यलं?"

"पाहिलं."

"मंग पाह्यलं म्हना. येवढा इचार कशाचा करायचा त्याच्यात?"

मी तिला समजावून सांगितलं की आधीची साक्ष फिरवली तर त्याचा वेगळा गुन्हा, पंगतीचा वेगळा, आणि नायब सुभेदारी तर गेलीच. तिने आणखी एक जुडी बांधली. मग म्हणाली, "मला सुभेदारीन व्हायची लय हौस व्हती. सगळ्यांना सांगून बसले मी." तिने पदराने डोळे पुसले, आणि लगेच रागाने माझ्याकडे बघितलं. "पर असल्या साक्षीवर मिळालेली नको मला." एवढं बोलून ती वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. परत येताना बसमध्ये माझं मन हलकं झालं होतं. काय करायचं ते ठरलं की मी दुसरा विचार करणारा माणूस नाही.

दोस्ताला साक्षीदाराशी बोलायची मनाई होती. तरी खटल्याच्या आदल्या दिवशी तो सकाळी नळावर दाढी करताना माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आरशात बघतच म्हणाला, "भाऊ, तू काही देखं नही, इतलंच सांग. आधी सांगं तेच. मनी पोर यंदा दहावीले शे." त्याचा अर्धा गाल साबणाचा, डोळे लाल. त्या दौडीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. मी तोंड धुतलं आणि म्हणालो, "तुझ्या पोरीसाठी मला वाईट वाटतं. पण मी खरं सांगणार आहे." त्याने वस्तरा बेसिनवर ठेवला आणि तसाच अर्ध्या दाढीने निघून गेला. मला त्याच्या मागे जावंसं वाटलं. गेलो नाही.

कोर्ट मार्शल एका मोठ्या हॉलमध्ये होतं. समोर लांब टेबल, त्यामागे अधिकारी, एका बाजूला सरकारी बाजूचे, दुसऱ्या बाजूला बचावाचे. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. ती बाई तिकडून कॅमेऱ्यासमोर बोलणार होती, पण सकाळी तिकडची लाइन लागेना. म्हणून आधी माझा नंबर लागला.

मी शपथ घेतली आणि सगळं सांगितलं. उचललेली तार, डेग, दोन रांगा, भांडी घासणं, उघडलेलं दार, दुधाचा डबा, पट्टा. आवाज चढा होता माझा. परेड ग्राउंडवर बोलतो तसा. बचावाचे साहेब उठले. त्यांच्या हातात माझी आधीची साक्ष.

"तब झूठ बोला था या अब बोल रहे हो?"

"तब, साब."

"तो आज आप पर भरोसा क्यों करें?"

"क्योंकि तब झूठ बोलने में मेरा फ़ायदा था, साब. आज सच बोलने में मेरा नुकसान है."

टेबलामागच्या एका साहेबांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी ताठ उभा होतो. बाहेर आलो तेव्हा छाती भरून आली होती. वाटलं, बस, आपण आपलं काम केलं. बायकोला फोन करून सांगितलं, "म्हणालो पाहिलं म्हणून." ती म्हणाली, "जेवलात का?" कॅम्पातल्या एका बेकरीसमोर उभं राहून मी चहा प्यायलो आणि दोन खारी खाल्ल्या. इतकी चवीची खारी मी त्याआधी खाल्ली नव्हती. माझी गोष्ट तिथेच संपली असती तर मी ती कॉलनीच्या बाकावर रोज सांगितली असती.

दुपारी मला पुन्हा आत बोलावलं. तिकडची लाइन लागली होती. पडद्यावर ती होती. डोक्याला फडकं नव्हतं, केस बारीक विंचरलेले, समोर पाण्याचा ग्लास. शेजारी दुभाषी. तिचं नाव कोर्टात मोठ्याने वाचलं गेलं आणि मी ते पहिल्यांदा ऐकलं. इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मला पडद्यासमोर उभं करून तिला विचारलं, की हाच तो लंगरवाला का. तिने थेट माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

बचावाच्या साहेबांनी तिला विचारलं, "हा माणूस तुम्हाला रोज जेवायला घालत होता. तुमच्याशी चांगला वागत होता. तुमच्यावर जबरदस्ती होत होती तर याला का नाही सांगितलं? इतके महिने गप्प का राहिलात?"

ती बराच वेळ बोलली. हळू, न रडता. दुभाष्याने तुकड्या-तुकड्याने हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्या वेळी मी त्या लोखंडी खोलीतून बाहेर आले तेव्हा या माणसाने मला पाहिलं. मला वाटलं, आता हा ओरडेल, मोठ्या साहेबांना बोलावेल. मी रांगेत जाऊन बसले. हा वाढत आला. माझ्यापाशी थांबला आणि माझ्या परातीत सगळ्यांपेक्षा जास्त भात वाढला. दोन वेळा वाढला. मग मला कळलं की याला माहीत आहे, आणि इथे हे असंच चालतं. तो जास्तीचा भात त्यासाठीच होता. मग मी कुणाला सांगणार?"

मधल्या खुर्चीवरच्या साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "क्या ये सच है? उस दिन आपने ज़्यादा दिया था?"

ती गोष्ट मी सकाळी सांगितली नव्हती. बायकोला सांगितली नव्हती. लपवली म्हणून नव्हे. ती माझ्या हिशेबात वाईट बाजूला नव्हतीच. त्या दुपारी तिला रांगेत बसलेली बघून माझा जीव कळवळला होता आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी दोन डाव जास्त वाढले होते. त्या सगळ्या प्रकरणात एवढं एक आपण चांगलं केलं, असं मी धरून चाललो होतो.

"जी साब," मी म्हणालो, "दिया था." सकाळचा आवाज निघाला नाही.

पडद्यावर ती दुभाष्याकडे वळून काही विचारत होती. मी काय बोललो ते त्याने तिला सांगितलं असावं. तिने पाणी प्यायलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या दोस्ताला नोकरीतून काढलं आणि तुरुंगवास झाला. माझं प्रकरण आमच्या कमांडिंग ऑफिसरसमोर गेलं. आरोपी म्हणून आत जायचं तर टोपी आणि पट्टा काढून जावं लागतं. अठरा वर्षांत मी कित्येक जवानांना असं आत नेताना पाहिलं होतं आणि हसलोही होतो. पट्टा नसला की पँट सारखी सरकतेय असं वाटत राहतं, हात कुठे ठेवावेत कळत नाही. सुभेदार मेजर साहेबांनी आवाज दिला, मी पाऊल आपटत आत गेलो आणि टेबलासमोर थांबलो. साहेबांनी आरोप वाचले. विनापरवानगी राशनचं वाटप. स्थानिक नागरिकांकडून काम करून घेणं. आधीच्या साक्षीत खोटं बोलणं. प्रत्येकाला मी "कबूल है, साब" म्हणालो.

"कुछ कहना है?"

मी मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. भुकेल्याला अन्न देणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, वगैरे. पण तोंडातून दुसरंच आलं. मी म्हणालो, "साब, एक बात इसमें नहीं लिखी है. उस दिन का भात."

साहेबांनी कोर्टाचे कागद वाचलेले होते, त्यांना समजलं. त्यांनी आरोपपत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं, खरंच काही राहिलंय का हे तपासावं तसं. मग म्हणाले, "हवालदार, उसके लिए कोई सेक्शन नहीं है."

त्यांनी कडक ताकीद दिली, लाल शाईने माझ्या कागदावर नोंद केली, म्हणजे नायब सुभेदारी संपली, आणि मला बाहेर नेलं.